मेंदूचे गडी आणि इन्सुलिनचा निरोप

मधुमेह म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर काय येते? वारंवार लघवीला जाणे, पायाची न भरणारी जखम, अंधुक होणारी नजर आणि इन्सुलिनची सुई. या आजाराची इतकी ओळख आता खेड्यातील घरांनाही झाली आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचा अहवाल २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर उभे आहेत. शहरांत हे प्रमाण जास्त असले तरी ग्रामीण भागातही शंभरांत जवळजवळ नऊ प्रौढांना हा आजार आढळला. तेव्हा 'हा शहरातल्या बसून काम करणाऱ्यांचा रोग आहे' असे म्हणून आपल्याला स्वस्थ बसता येणार नाही.

या आजारात मूत्रपिंड, डोळे आणि पाय यांची काळजी घ्या असे डॉक्टर सांगतात आणि आपण ते ऐकतो. परंतु मेंदूचे काय? इन्सुलिनचा मेंदूशी काही संबंध आहे काय? पूर्वी या प्रश्नाला वैद्यकीय पुस्तके सरळ 'नाही' असे उत्तर देत. आज ते उत्तर बदलले आहे. ते कसे बदलले आणि त्यातून शेतकरी कुटुंबाने काय ध्यानात घ्यावे, हे या लेखात सांगण्याचा आमचा विचार आहे.

इन्सुलिन म्हणजे काय?

आपण खाल्लेल्या भाकरीची, पोळीची, भाताची पोटात साखर होते. या साखरेला ग्लुकोज म्हणतात. ती रक्तातून सर्व शरीरभर फिरते. पण रक्तात साखर आहे म्हणजे ती पेशींना मिळालीच असे नाही. स्नायू आणि चरबी यांच्या पेशींचे दार एरवी बरेचसे बंद असते. जेवणानंतर पोटामागील स्वादुपिंडातून इन्सुलिन नावाचा रस रक्तात सुटतो. तो पेशीच्या दारावरची कडी वाजवतो, मग आतली साखर वाहून नेणारी यंत्रणा पुढे येते आणि साखर आत घेतली जाते. इन्सुलिन कमी पडले, किंवा कडी वाजूनही पेशीने ऐकले नाही, तर साखर रक्तातच साचून राहते. हाच मधुमेह.

१९२१ साली कॅनडातील टोरांटो येथे बँटिंग व बेस्ट यांनी जनावराच्या स्वादुपिंडातून हा रस काढला आणि जानेवारी १९२२ मध्ये तो प्रथम एका मुलाला टोचला गेला. त्यानंतर साठ वर्षे जगातील मधुमेही माणसे गायीगुरांच्या आणि डुकरांच्या स्वादुपिंडातील इन्सुलिनवर जगली. डुकरे पाळणाऱ्या आमच्या वाचकांना हे ऐकून नवल वाटेल, की डुकराचे इन्सुलिन आणि माणसाचे इन्सुलिन यांच्या ५१ दुव्यांच्या साखळीत फक्त एका दुव्याचा फरक आहे. गाईच्या इन्सुलिनमध्ये तीन दुव्यांचा. १९८२ पासून जिवाणूंकडून करवून घेतलेले मानवी इन्सुलिन बाजारात आले आणि जनावरांच्या इन्सुलिनचा वापर मागे पडत गेला.

मेंदूचा मोठा खर्च

माणसाचा मेंदू शरीराच्या वजनाच्या फक्त दोन टक्के असतो. पण शरीराच्या एकूण शक्तीपैकी सुमारे वीस टक्के तो एकटा खर्च करतो. दिवसाला शंभर-सव्वाशे ग्रॅम ग्लुकोज त्याला लागते. आपण झोपलो तरी त्याचा खर्च फारसा कमी होत नाही.

एवढ्या मोठ्या गिऱ्हाइकाला इन्सुलिनच्या कडीवर अवलंबून ठेवणे धोक्याचे ठरले असते. म्हणून मेंदूच्या रक्तवाहिन्यांची आणि पेशींची साखरेची दारे निराळ्या जातीची आहेत. ती इन्सुलिनवाचूनही उघडी असतात. यावरूनच 'मेंदूला इन्सुलिनची गरज नाही' असे शिकवले जाई. साखर आत जाण्यापुरते ते बहुतांशी खरेही आहे. मात्र आत गेलेल्या साखरेची वाटणी कोण करतो, साठवण कोण करतो आणि पुढची मागणी कोण नोंदवतो, याकडे कोणाचे लक्ष गेले नव्हते.

मुळाशी कोण राबते?

येथे आपल्या इंदूरच्या मातीतील एक गोष्ट सांगणे सोयीचे होईल. सर अल्बर्ट हॉवर्ड या शेतीशास्त्रज्ञांनी १९२४ साली इंदुरात वनस्पती-संशोधनाची संस्था उभी केली. त्याच जागेवर पुढे कृषी महाविद्यालय झाले. काडीकचरा, शेण, मूत्र व माती यांचे थर लावून खत करण्याची त्यांची रीत 'इंदूर पद्धत' म्हणून जगभर गाजली. १९३१ साली हॉवर्ड व त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी मिळून त्यावर पुस्तक प्रसिद्ध केले. पुढे १९४० सालच्या आपल्या ग्रंथात हॉवर्ड यांनी एका गोष्टीवर फार भर दिला. अनेक झाडांच्या मुळांशी एक उपयोगी बुरशी असते. तिचे बारीक धागे जमिनीत दूरवर पसरतात, तेथून पाणी आणि स्फुरद ओढून आणतात आणि मुळाला देतात. जमीन कसदार असूनही ही बुरशी मेली असेल तर झाडाला तो कस पुरता मिळत नाही.

मेंदूतही जवळपास अशीच व्यवस्था आहे. फरक एवढाच, की येथे मदतनीस बाहेरचा जीव नसून मेंदूच्याच पेशी आहेत. विचार करणाऱ्या, हात हलवणाऱ्या, आठवण ठेवणाऱ्या पेशींना चेतापेशी म्हणतात. त्या सुमारे ८६ अब्ज आहेत. जवळजवळ तितक्याच इतर पेशी त्यांच्या आजूबाजूला आहेत. जर्मन शास्त्रज्ञ फिरशो यांनी १८५६ साली या भागाला 'चेतांचा सरस' अशा अर्थाचे नाव दिले. कारण या पेशी चेतापेशींना नुसत्या चिकटवून धरतात असे त्यांना वाटले. आज आपण त्यांना आधारपेशी म्हणू. त्यांतील एक मोठी जात चांदणीच्या आकाराची आहे, म्हणून तिला तारापेशी म्हणतात.

या तारापेशीचे काही पाय रक्तवाहिनीला विळखा घालून बसलेले असतात आणि काही चेतापेशींना भिडलेले असतात. म्हणजे एक हात बाजारात आणि दुसरा हात घरात. शेतावरचा विश्वासू गडी जसा बाजारातून माल आणतो, कणगीत भरतो, लागेल तसा काढून देतो आणि अंगणातला केरही लोटतो, तशीच कामे ही पेशी करते. तिची मुख्य कामे अशी:

पहिले, रक्तातील साखर घेणे आणि तिचा काही भाग लॅक्टेट नावाच्या पदार्थात बदलून चेतापेशीला देणे. दह्याला आंबटपणा आणणारे जे आम्ल, त्याचेच हे रूप. पेलेरिन आणि मॅजिस्ट्रेटी या शास्त्रज्ञांनी १९९४ साली ही कल्पना मांडली. चेतापेशी किती लॅक्टेट घेतात आणि किती साखर थेट घेतात, याबद्दल शास्त्रज्ञांत अजूनही वाद आहे. मात्र तारापेशी लॅक्टेट पुरवतात हे मान्य झाले आहे.

दुसरे, साखरेची साठवण. साखरेचे दाणे एकमेकांना जोडून जो साठा होतो त्याला ग्लायकोजेन म्हणतात. यकृताची कणगी मोठी असते. मेंदूतील साठा त्या मानाने अगदीच थोडा आणि तो जवळजवळ सगळा तारापेशींतच असतो. अचानक जास्त काम पडले किंवा रक्तातील साखर उतरली, तर थोडा वेळ या साठ्यावर निभावते.

तिसरे, साफसफाई. चेतापेशी एकमेकींशी बोलताना जी रसायने सोडतात, ती उचलून पुन्हा वापरण्याजोगी करणे.

इन्सुलिनचा निरोप

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. १९७८ साली अमेरिकेतील संशोधकांना उंदरांच्या मेंदूत इन्सुलिनच्या कड्या आढळल्या. दारे जर इन्सुलिनवाचून उघडतात, तर या कड्या कशासाठी? पुढील चाळीस वर्षांत हे कोडे थोडेथोडे सुटत गेले.

स्वादुपिंडातील इन्सुलिन रक्तातून मेंदूच्या सीमेपर्यंत जाते आणि तेथून आत नेले जाते. तेथे ते द्वारपालाचे काम फारसे करीत नाही. ते निरोप्याचे काम करते. 'जेवण झाले आहे, बाजारात माल आला आहे, भरून ठेवा' असा निरोप ते तारापेशींना देते.

२०११ साली जर्मनीतील ट्युबिंगेन येथील संशोधकांनी माणसाच्या तारापेशी प्रयोगशाळेत वाढवल्या आणि त्यांना इन्सुलिन दिले. त्या पेशींनी ग्लायकोजेनचा साठा वाढवला. म्हणजे निरोप मिळताच गड्यांनी कणगी भरायला घेतली.

२०१६ साली आणखी एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात जर्मनीतील म्युनिकच्या संशोधकांचा पुढाकार होता. त्यांनी उंदरांच्या तारापेशींवरील इन्सुलिनच्या कड्याच काढून टाकल्या. चेतापेशींना हात लावला नाही. परिणाम काय झाला? भूक सांभाळणाऱ्या भागातील तारापेशींचा आकार बदलला, त्यांच्यातील शक्ती निर्माण करणाऱ्या भट्ट्या नीट चालेनाशा झाल्या आणि रक्तातून मेंदूत जाणारी साखर कमी झाली. पोट भरल्याची जाणीव देणाऱ्या चेतापेशी साखर वाढली तरी पूर्वीसारख्या जाग्या होईनात. गडी बहिरा झाला, आणि मालकापर्यंत धान्य आल्याची बातमीच पोचली नाही.

२०१७ साली माद्रिदच्या संशोधकांनी दाखवले, की तारापेशींत साखर घेण्याच्या कामी इन्सुलिन एकटे नसते; त्याच्याच नात्यातील एक वाढीचा रस त्याच्या जोडीला लागतो. त्याच्या पुढल्या वर्षी अमेरिकेतील बोस्टन येथून निराळीच माहिती आली. तारापेशींना इन्सुलिनचा निरोप मिळेनासा झाला, तेव्हा त्या उंदरांच्या मेंदूत उत्साहाशी संबंधित असलेले डोपामिन हे रसायन कमी सुटू लागले आणि ते उंदीर घाबरट व उदास वागू लागले. मधुमेही माणसांत उदासीनतेचे प्रमाण जास्त आढळते हे डॉक्टरांना पूर्वीपासून ठाऊक आहे. त्याचे एक कारण येथे दडलेले असू शकेल. परंतु उंदरांत दिसले ते माणसांत तसेच घडते, असे एकदम म्हणता येणार नाही.

निरोप ऐकू येईनासा झाला तर

इन्सुलिन रक्तात भरपूर असूनही पेशी त्याला दाद देत नाहीत, या अवस्थेला इन्सुलिन-विरोध म्हणतात. मधुमेहाच्या आधी कित्येक वर्षे ती शरीरात मुरत असते. स्नायू, यकृत आणि चरबी यांच्याप्रमाणे मेंदूही बहिरा होऊ शकतो, असे लठ्ठ माणसांवरील तपासण्यांत दिसले आहे.

'आम्ही कुठे लठ्ठ आहोत?' असे आमचे काही शेतकरी बंधू म्हणतील. त्यांनी पुण्याचे काम ध्यानात घ्यावे. के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतील माता आणि बाळे यांचा अभ्यास केला. तेथील बाळांचे जन्मवजन सरासरी २.७ किलो भरले. इंग्लंडमधील साउदम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. आपली बाळे हडकुळी खरी, पण त्यांच्या अंगात स्नायू कमी आणि वजनाच्या मानाने चरबी जास्त आढळली. अशी शरीरे वरून सडपातळ दिसली तरी त्यांच्यात इन्सुलिन-विरोध लवकर येतो. म्हणून पोट थोडेसे सुटलेला, पण एरवी बारीक दिसणारा शेतकरीही धोक्याबाहेर नाही.

ज्यांना मधुमेह आहे त्यांना म्हातारपणी स्मृतिभ्रंश होण्याचा धोका इतरांहून सुमारे दीडपट असतो. यात मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्या खराब होणे हे मोठे कारण आहे. तारापेशींचा बहिरेपणा हे दुसरे कारण असावे असा तर्क आहे; तो सिद्ध झालेला नाही. नाकातून इन्सुलिनचा फवारा मारून स्मरणशक्ती सुधारते का, याची अमेरिकेत एक वर्षाची मोठी चाचणी झाली. २०२० साली तिचा निकाल आला आणि अपेक्षित फायदा दिसला नाही. तेव्हा 'मेंदूची साखर ठीक करणारे' औषध म्हणून कोणी काही विकू लागला, तर वाचकांनी खिशाला हात लावू नये.

शेतात साखर उतरली तर

आतापर्यंत साखर जास्त असण्याविषयी बोललो. साखर एकदम उतरणे हा त्याहून तातडीचा धोका आहे, आणि तो इन्सुलिन टोचणाऱ्या किंवा काही विशिष्ट गोळ्या घेणाऱ्या शेतकऱ्याला जास्त असतो.

काम करणारा स्नायू इन्सुलिनवाचूनही साखर ओढून घेतो. सोयाबीनची कापणी, गव्हाला पाणी देणे, लसूण काढणे अशी दिवसभराची मेहनत झाली, की स्नायूंची ही ओढ दुसऱ्या दिवसापर्यंत टिकते. सकाळी नेहमीइतके इन्सुलिन घेतले, न्याहारी घाईत टाळली आणि दुपारपर्यंत राबलो, तर रक्तातील साखर झपाट्याने खाली येते. कधी ती शेतात उतरते, कधी रात्री झोपेत. मेंदूची कणगी लहान असल्याचे वर सांगितलेच आहे. ती रिकामी होऊ लागली, की मेंदू उपाशी पडतो.

प्रथम हात थरथरतात, घाम फुटतो, छाती धडधडते, भूक लागते. साखर आणखी उतरली की बोलणे अडखळते, माणूस भलतेच बोलतो, चिडतो, झोकांड्या देतो. कित्येकदा लोकांना वाटते की हा दारू प्यायला आहे, आणि ते त्याला तसाच पडू देतात. हा गैरसमज जिवावर बेतू शकतो. मधुमेही माणूस असा वागू लागला तर आधी साखर द्यावी, चौकशी नंतर करावी. चहाचे तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजावी. पंधरा मिनिटांत बरे न वाटल्यास पुन्हा तितकीच द्यावी. सावध झाल्यावर भाकरी किंवा पोळी खाऊ घालावी. मात्र तो बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये. कुशीवर वळवून ताबडतोब रुग्णालयात न्यावे.

आपल्या हाती काय आहे?

१. शरीर राबते ठेवा. ट्रॅक्टर आणि मोटार आल्यापासून शेतकऱ्याचे चालणेही कमी झाले आहे. हंगाम नसेल त्या दिवसांतही रोज अर्धा तास भरभर चालावे. राबणारा स्नायू इन्सुलिनचे ऐकू लागतो. पेशींचा बहिरेपणा कमी करण्याचा याहून स्वस्त उपाय आम्हांला ठाऊक नाही.

२. ताटात बदल करा. पोहे-जिलेबी, शेव आणि तुपात बुडवलेले बाफले ही आपल्या माळव्याची आवड आहे; ती सणासुदीला ठेवावी. रोजच्या पिठात गव्हाबरोबर हरभरा, ज्वारी किंवा मका घालावा. डाळ व भाजी वाढवावी. आपण पिकवतो ते सोयाबीन सगळे बाजारात न धाडता थोडे घरातही ठेवावे. मात्र ते चांगले शिजवूनच खावे.

३. तिशीनंतर वर्षातून एकदा रक्तातील साखर तपासून घ्या. घरात कोणाला मधुमेह असेल किंवा बाळंतपणात साखर वाढली असेल, तर ही तपासणी चुकवू नका.

४. इन्सुलिन घेणाऱ्याने शेतात जाताना गूळ किंवा साखरेची पुडी खिशात ठेवावी आणि सोबतच्या माणसाला आपला आजार सांगून ठेवावा. मेहनतीच्या दिवशी मात्रा किती घ्यावी हे हंगामापूर्वीच डॉक्टरांना विचारावे. मनाने मात्रा बंद करू नये.

५. इन्सुलिन उन्हात ठेवू नका, गोठू देऊ नका. न उघडलेली बाटली थंड कपाटात २ ते ८ अंशांत ठेवावी. माळव्याच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. घरी थंड कपाट नसेल तर ओल्या वाळूत ठेवलेल्या मातीच्या मडक्यात बाटली कोरडी राहील अशी ठेवावी.

६. उपवासकाळात आजारी माणसावर उपवासाची सक्ती नाही. इन्सुलिन घेऊन उपाशी राहणे हे मेंदूला उपाशी ठेवणे आहे. अशांनी राखेच्या बुधवारी आणि शुभ शुक्रवारी जेवूनच औषध घ्यावे व दुसरा त्याग निवडावा.

हॉवर्ड साहेबांनी इंदूरच्या काळ्या मातीत शेतकऱ्याला शिकवले, की पिकाची तब्येत पाहायची असेल तर मुळाशी काय चालले आहे ते पाहा. शरीराचेही तसेच आहे. रक्तात साखर किती, हा आकडा महत्त्वाचा आहेच. पण ती साखर मेंदूच्या गड्यांनी ओळखली पाहिजे, साठवली पाहिजे आणि वेळेवर वाटली पाहिजे. त्यांचे कान शाबूत ठेवण्याचे काम चाळिशीतच सुरू करावे लागते. सत्तरीत नातवाचे नाव आठवेनासे झाले की त्या वेळी फार थोडे हाती उरते. म्हणून या हंगामात शेताच्या माती परीक्षणाचा नमुना द्याल, त्याच आठवड्यात घरच्या मोठ्या माणसांच्या रक्ताचाही नमुना द्यावा, एवढेच आमचे सांगणे आहे.